ताप आला तर रोज कोण देईल?

जानेवारी २०२१ मध्ये खानदेशात लस आली होती, पण दंड पुढे करणारी माणसं कमी होती. मे महिन्यात माणसं पहाटेपासून रांगेत उभी होती आणि लस संपलेली होती. दिवाळी आली तेव्हा लस पुन्हा मुबलक झाली, आणि नर्सबाई दारोदार हिंडत ‘आबा, चला ना’ म्हणून विनवत होत्या. एका वर्षात लोकांचं मन दोनदा फिरलं. या फिरण्याला ‘अडाणीपणा’ असं नाव देऊन मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्या शंकांना कारणं होती, आणि बरीचशी कारणं लशीच्या कुपीबाहेरची होती.

१६ जानेवारी २०२१ ला देशभर लसीकरण सुरू झालं. महाराष्ट्रात पहिल्या दिवशी २८५ केंद्रं होती आणि यादीत फक्त आरोग्य कर्मचारी. त्यांतलेही जवळपास एकतृतीयांश त्या दिवशी आलेच नाहीत. म्हणजे सर्वांत आधी कचरले ते डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, रोज औषधं हाताळणारे लोक. ‘थोडं थांबू, दुसऱ्यांना काय होतं ते पाहू,’ हे वाक्य आधी दवाखान्यात बोललं गेलं आणि मग पारावर आलं.

त्यांचं कचरणंही समजण्यासारखं होतं. ३ जानेवारीला देशाच्या औषध नियंत्रकांनी दोन लशींना आणीबाणीतील वापराची परवानगी दिली. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोविशील्ड ही एक. दुसरी कोवॅक्सिन, जी भारत बायोटेकने आयसीएमआर आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेबरोबर तयार केली. कोवॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २५,८०० स्वयंसेवक होते, पण परवानगी मिळाली तेव्हा त्या टप्प्याचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. परवानगीच ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये होती आणि लस घेणाऱ्याला संमतिपत्रावर सही करावी लागत होती. ७७.८ टक्के परिणामकारकतेचा सविस्तर निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. लस चांगली निघाली. पण जानेवारीत सही करताना ज्याचा हात अडखळला, त्याने एक रास्त प्रश्न विचारला होता आणि त्याला तेव्हा पुरेसं उत्तर मिळालं नव्हतं.

‘एवढ्या लवकर लस झाली कशी?’ हा आणखी एक प्रश्न. याचं उत्तर होतं आणि ते सोपं करून सांगता आलं असतं. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांकडे चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूवर आधारलेला सांगाडा तयारच होता. मर्स नावाच्या दुसऱ्या कोरोना आजारासाठी त्यांनी तो आधी वापरून पाहिला होता. नव्या विषाणूची जनुकीय मांडणी जानेवारी २०२० मध्ये जगापुढे आल्यावर त्यात तेवढा तुकडा बसवायचा होता. एरवी चाचणीचे टप्पे एकामागून एक होतात आणि मधली वर्षं पैसा, परवानग्या व स्वयंसेवक मिळवण्यात जातात. या वेळी टप्पे एकमेकांत मिसळून चालवले गेले आणि साथ सगळीकडे असल्याने निष्कर्ष लवकर मिळाले. परवानगीची वाट न पाहता सिरमने उत्पादन सुरू केलं होतं. लस नापास झाली असती, तर तो सगळा माल फेकावा लागला असता. हे सगळं इंग्रजी वर्तमानपत्रांत आलं. रावेरच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराला मात्र मोबाइलवर चित्रफीत मिळाली ती लस घेऊन माणसं मरतात, मूल होत नाही, असं सांगणारी.

या सगळ्याआधी जळगाव एका मोठ्या धक्क्यातून गेलं होतं. जून २०२० च्या सुरुवातीला जिल्ह्यात कोरोनाने मरणाऱ्यांचं प्रमाण रुग्णांच्या दहा टक्क्यांपुढे होतं. देशाचं प्रमाण तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच महिन्यात सरकारी कोविड रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध रुग्णाचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, जिल्हाधिकारी बदलले, व्यवस्था पुढे बरीच सुधारली. पण त्या बातमीने घराघरांत एक निर्णय करून टाकला होता: मरायचंच असेल तर घरी मरू, सिव्हिलला नेऊ नका. ज्या सरकारी दवाखान्याबद्दल लोक जूनमध्ये असं बोलत होते, त्याच दवाखान्याच्या दारात काही महिन्यांनी त्यांना सुई टोचून घ्यायला बोलावलं जात होतं. लशीवरचा अविश्वास मोजताना हा जून महिना विसरून चालणार नाही.

सरकारवरचा अविश्वास लशीवर उतरणं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी खानदेश ज्यात होता त्या मुंबई इलाख्यात घडून गेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन यांनी अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस उपयोगी होती. पण त्याच वेळी साथरोग कायदा आला होता. सोजिरांच्या तुकड्या घरात शिरत होत्या, आजाऱ्यांना ओढून छावण्यांत नेत होत्या. पुण्यात त्याचा शेवट २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळीबारात झाला. घरझडती करणारं सरकार आणि लस देणारं सरकार एकच, त्यामुळे लशीत निषिद्ध मांस आहे, ती माणसं मारायलाच आणली आहे, अशा अफवा वाऱ्यासारख्या पसरल्या. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी लस स्वतः उघडपणे टोचून घेतली आणि प्रयोगशाळेला आपली वास्तू दिली, तेव्हा खोजा समाजातले लोक मोठ्या संख्येने पुढे आले. हुकमाने न हललेली माणसं आपल्यातल्या माणसाने दंड पुढे केल्यावर हलली.

हाफकिन यांची पुढची हकिगत दुःखाची आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष एकाच बाटलीत होता आणि ती गावात उघडताना दूषित झाल्याचे पुरावे होते, तरी ठपका हाफकिन यांच्यावर आला. निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, आणि एप्रिल २०२१ मध्ये कोवॅक्सिन बनवण्यासाठी परवानगी मिळालेल्यांत हाफकिनचं नाव होतं.

प्लेगची झळ खानदेशालाही लागली. कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या घरात ती शिरली आणि त्यांचा थोरला मुलगा ओंकार प्लेगमुळे कायमचा अपंग झाला. साथ संपते तेव्हा मेलेल्यांचे आकडे लिहून ठेवले जातात. जगून अधू झालेल्यांचा हिशेब मात्र घरातल्या बाईलाच पुढची सगळी वर्षं ठेवावा लागतो.

आता पुन्हा २०२१ कडे येऊ. मार्चमध्ये दुसरी लाट चढू लागली. जळगाव शहरात महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांचा जनता कर्फ्यू झाला. एप्रिलमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर आणि रेमडेसिविर यांच्यासाठी माणसं रात्र रात्र फिरली. ‘आमले काय व्हनार शे’ म्हणणाऱ्या धुळ्याकडच्या गावांतूनही आता शहरातल्या खाटांसाठी फोन येऊ लागले. भीतीने शंकेवर मात केली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी कोविनवर. ज्याच्याकडे चांगला मोबाइल आणि चपळ बोटं, त्याला जागा. शहरातली मुलं गाडी काढून खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यायला जायची आणि त्या गावचा म्हातारा बाहेर कडुनिंबाखाली बसून हे पाहायचा. १३ मे रोजी कोविशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आलं. दुसऱ्या दिवशी आखाजी होती, आणि तुटवडा पडला म्हणून तर अंतर वाढवलं नाही ना, ही चर्चा सगळीकडे सुरू होती. जास्त अंतर ठेवल्यास प्रतिकारशक्ती चांगली येते, याला शास्त्रीय आधार होता. पण आधी चार आठवडे, मग सहा ते आठ, मग बारा ते सोळा असं ऐकणाऱ्याला धोरण डळमळतंय असंच वाटणार.

लाट ओसरली आणि खरी कठीण वेळ सुरू झाली. भीती गेली, शंका उरली. आणि या टप्प्यावरच्या शंका ऐकल्या तर त्यांत विज्ञान फार थोडं सापडतं. सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: ताप आला तर रोज कोण देईल? लस घेतल्यावर एक-दोन दिवस अंग दुखतं, ताप येतो, हे खरंच होतं. कपाशीची निंदणी, केळीची कापणी, हंगामाची मजुरी हातावर असलेल्या बाईला दोन दिवस खाट धरणं परवडत नाही. पगारी माणसाने रजा टाकली, मजुराने रोज बुडवला. या एका प्रश्नावर कुठल्याही जाहिरातीत उत्तर नव्हतं.

दुसरी अडचण कुपीची. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते वाया. वाया गेलेल्या मात्रांचा वरून जाब विचारला जाई, म्हणून आठ-दहा माणसं जमेपर्यंत नर्सबाईंना कुपी उघडता येत नसे. शेतातलं काम टाकून एकटी आलेली मावशी तासभर बसायची, ‘उद्या या’ ऐकून परत जायची आणि उद्या यायची नाही. कागदावर तिची नोंद ‘लस नाकारली’ अशी झाली असेल, तर ती नोंद खोटी आहे. त्यात इथला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि लस दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागते. बर्फाच्या पिशव्या भरलेला डबा खांद्याला लावून उपकेंद्रापर्यंत ती थंडी टिकवणाऱ्या सिस्टरांचं कौतुक फारसं झालं नाही.

आशाताईंचं तर त्याहून कमी झालं. घरोघरी तापमान मोजणं, याद्या करणं, लोकांच्या शिव्या खाणं आणि म्हाताऱ्यांचा हात धरून केंद्रावर आणणं हे त्यांचं काम. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना संप करावा लागला, तेव्हा कुठे महिन्याला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. लशीवर विश्वास बसवण्याचं सगळ्यात अवघड काम सरकारने सगळ्यात कमी पैसे मिळणाऱ्या बाईवर सोपवलं होतं. तरीही ती कामाला आली, कारण बाळंतपणात तीच आली होती, पोरांच्या पोलिओच्या वेळी तीच आली होती.

सातपुड्यात, शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यांवर आणि पलीकडे नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात हे आणखी अवघड होतं. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, मुंबईत शिकलेले डॉक्टर. ऑक्सिजनची सोय त्यांनी दुसऱ्या लाटेआधीच करून ठेवली होती, लसीकरणासाठी फिरती पथकं पाठवली. इतकं होऊनही नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिली मात्रा निम्म्यांपेक्षा कमी लोकांना मिळालेल्या देशातल्या जिल्ह्यांत नंदुरबार होतंच. एक चांगला अधिकारी पिढ्यांचा दुरावा वर्षभरात मिटवू शकत नाही.

मग प्रशासनाला सक्तीचा मोह झाला. औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असे आदेश निघाले. आकडे वाढले असतील, पण मला ते चुकीचंच वाटतं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लस घेण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही. चाचण्यांची माहिती आणि लसीनंतरचे दुष्परिणाम लोकांसमोर आले पाहिजेत, असंही त्याच निकालात आहे, आणि मला त्यातला हाच भाग अधिक मोलाचा वाटतो.

कारण दुष्परिणाम होते. कोविशील्डनंतर फार क्वचित रक्तात गुठळ्या होतात, हे २०२१ मध्येच माहीत होतं. केंद्राच्या समितीने त्या मे महिन्यात दहा लाख मात्रांमागे ०.६१ असं प्रमाण जाहीर केलं होतं. गावात ते कुणी सांगितलं नाही. मग २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या खटल्यात कोविशील्डची मूळ कंपनी अ‍ॅस्ट्राझेनेकाने तशी कबुली दिल्याची बातमी आली आणि तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली माणसं छातीवर हात ठेवून घाबरली. हा धोका लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला असतो, एवढं जरी त्यांना आधी ठाऊक असतं तरी ती भीती टळली असती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गणिती अंदाजानुसार लसीकरणाच्या पहिल्या वर्षात भारतात सुमारे ४२ लाख मृत्यू टळले. हे दोन्ही आकडे एकत्र, एका दमात सांगायला हवे होते. खानदेशी माणूस व्यापारी आणि शेतकरी आहे. जोखीम तोलणं त्याला शिकवावं लागत नाही.

लोक फक्त घाबरत होते असंही नाही. झायडसची सुईविना द्यायची झायकोव-डी ही माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस २०२१ मध्ये मंजूर झाली. राज्याने तिच्यासाठी नाशिक आणि जळगाव हे दोन जिल्हे निवडले, तेव्हा त्या बातमीचं कुतूहलच जास्त होतं. सुईला भिणारे इथेही पुष्कळ आहेत.

आता पुढची लस येईल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सिरमची सर्व्हावॅक २०२३ पासून बाजारात आहे, आणि ती किशोरवयीन मुलींना द्यायची म्हटल्यावर ‘मूल होणार नाही’ ही जुनी अफवा पुन्हा डोकं वर काढणार हे ठरलेलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई-भिवंडीबरोबर धुळ्याशेजारच्या मालेगावात गोवर उसळला, तोही कोरोनाच्या काळात मुलांच्या नेहमीच्या लशी मागे पडल्यामुळे. म्हणून जिल्हा परिषदांनी काही गोष्टी आताच ठरवाव्यात. लस घेतलेल्या मजुराला एका दिवसाचा रोज मिळावा. एकटी आलेली बाई परत जाऊ नये म्हणून कुपी वाया गेल्याचा जाब सिस्टरांना विचारू नये. दुष्परिणामांची तालुकावार माहिती दर महिन्याला आरोग्य केंद्राच्या भिंतीवर अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत लिहिली जावी. आणि आशाताईंचं मानधन महिन्याच्या महिन्याला त्यांच्या खात्यात पडावं.