धबधब्याचे छायाचित्र आणि करडी काच

बंगळूरपासून सुमारे १३० किलोमीटरवर शिवनसमुद्र येथे कावेरीचे दोन फाटे होतात आणि गगनचुक्की व भरचुक्की या दोन ठिकाणी ते कड्यावरून कोसळतात. याच पाण्याच्या बळावर १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. पावसाळ्यात कॅमेरा घेऊन येथे येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र वेगळीच अडचण पडते. पाण्याच्या धारा रेशमासारख्या सलग दिसाव्यात म्हणून शटर निदान अर्धा सेकंद उघडे ठेवावे, तर चित्र पांढरेफटक होते.

कारण उघड आहे. भर उन्हात, संवेदनशीलता १०० आणि भिंगाचे छिद्र एफ १६ असताना, सेकंदाचा १२५ वा भाग एवढा वेळ पुरतो. छिद्र आणखी लहान करता येईल. परंतु फार लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन वाढते व सर्व चित्र मऊ पडते. तेव्हा भिंगापुढे अशी काच धरावी लागते, की जी सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात अडवील. हाच तटस्थ घनतेचा, म्हणजे एनडी फिल्टर होय.

या काचांवरील आकडे नवशिक्यास गोंधळात टाकतात. ०.३ घनतेच्या काचेतून निम्मा प्रकाश पलीकडे जातो. यास एक स्टॉप म्हणतात. ०.९ घनतेतून एक-अष्टमांश, १.८ मधून एक-चौसष्टांश आणि ३.० मधून एक-सहस्रांश प्रकाश जातो. घनता हा लॉगॅरिथम असल्यामुळे दोन काचा एकापुढे एक लावल्यास घनतांची बेरीज होते. काही उत्पादक घनतेऐवजी ८, ६४, १००० असे आकडे छापतात, अर्थ तोच.

पैसे बेताचे असतील तर पहिली काच कोणती घ्यावी? आमच्या मते १.८ ची, म्हणजे सहा स्टॉपची. वरील उन्हात तिने १२५ व्या भागाचा सुमारे अर्धा सेकंद होतो. ढगाळ हवेत प्रकाश आठपटीने कमी झाला तर एफ १६ वर चार सेकंद लागतील. तेव्हा छिद्र एफ ८ करावे, म्हणजे एक सेकंद पुरेल. पुढे पैसे जमल्यावर ०.९ ची काच घ्यावी. दोन्ही मिळून २.७ घनता, म्हणजे नऊ स्टॉप होतात आणि दहा स्टॉपच्या महागड्या काचेवाचून बहुधा चालते. मात्र रुंद दृष्टीच्या भिंगावर दोन चौकटी बसविल्या, तर चित्राचे कोपरे काळे पडतात.

स्वस्त संचात सहा-आठ काचा मिळतात, त्यांचा मोह टाळलेला बरा. एक चांगली काच त्यांहून उपयोगी. फिरवून घनता बदलणाऱ्या काचेत वस्तुतः दोन ध्रुवक असतात; ती टोकापर्यंत फिरविली की आकाशात काळी फुली उमटते.

काच घेताना आपल्या सर्वांत मोठ्या भिंगाच्या व्यासाची घ्यावी. व्यास भिंगाच्या कडेवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. लहान भिंगांसाठी स्टेप-अप रिंग मिळते. ती केवळ आट्यांची धातूची कडी असल्याने तिला फारसे मोल पडत नाही, आणि तिच्यामुळे प्रत्येक भिंगास निराळी काच घ्यावी लागत नाही.

दुकानातच परीक्षा करता येते. पांढरा कागद काचेविना व काचेसह टिपून रंग ताडून पाहावा. हिरवट वा तांबूस झाक सर्वत्र सारखी असेल तर ती नंतर काढता येते. परंतु काही हलक्या काचा दृश्य प्रकाश अडवितात व अवरक्त किरण जाऊ देतात. मग काळे कापड तपकिरी दिसते. हा दोष काढणे कठीण. म्हणून एखादे काळे कापडही उन्हात टिपून पाहावे.

काच मुळीच न घेता काम भागविण्याचीही एक युक्ती आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून अल्प वेळाची सोळा-वीस चित्रे घ्यावीत व संगणकावर त्यांची सरासरी काढावी. पाणी बरेचसे मऊ होते, खडक तसाच राहतो. काच लावली असता नेम व केंद्रीकरण आधी करून घ्यावे, कारण सहा स्टॉपमधून फारसे दिसत नाही. या काचेतून सूर्याकडे कधीही पाहू नये. तिने अवरक्त किरण पुरेसे अडतात असे नाही, आणि डोळ्यास इजा होताना वेदना होत नाही.