बहुपर्यायी निवडीचा फॉर्म: जँगोमधील रचना

यादी कशासाठी

शेतकऱ्यांच्या ऑनलाइन नोंदणीत तालुक्याचे नाव हाताने लिहायला मोकळी जागा ठेवली, तर नाशिक जिल्ह्यात एकाच तालुक्यासाठी कोणी ‘बागलाण’ लिहितो, कोणी ‘सटाणा’. दोघेही आपापल्या जागी बरोबर, कारण बागलाण तालुक्याचे ठाणे सटाणा. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन तालुके होतात. पर्याय आधीच ठरवून दिले की हा घोळ मुळातच टळतो. तालुका सहसा एकच निवडायचा असतो. पिके मात्र अनेक असतात, आणि बहुपर्यायी निवडीची गरज तेथे भासते.

संकेत आणि नाव

जँगो हे पायथॉनमधील वेब फ्रेमवर्क अमेरिकेतील लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कामातून घडले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात एकच पर्याय निवडण्यासाठी ‘चॉइसफील्ड’, तर अनेकांसाठी ‘मल्टिपलचॉइसफील्ड’ वापरतात. दोन्हींना जोड्यांची यादी द्यावी लागते: जोडीतला पहिला घटक म्हणजे साठवायचा संकेत, दुसरा पडद्यावर दिसणारे नाव. नाव केव्हाही सुधारता येते. संकेत बदलला की जुन्या नोंदी अनाथ होतात.

पर्याय किती बारीक

खरे अवघड काम कोड लिहिण्याचे नाही, यादी ठरवण्याचे आहे. ‘कांदा’ हा एकच पर्याय पुरेसा आहे का? लासलगावच्या बाजारात लाल आणि उन्हाळ कांद्याची आवक वेगवेगळी धरतात. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा तसा टिकत नाही. साठवणुकीचा अंदाज बांधायचा असेल, तर नुसता ‘कांदा’ निरुपयोगी ठरतो. खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे यांचेही तेच. हा निर्णय प्रोग्रामरवर सोडू नये. बाजार जाणणाऱ्याने तो घ्यावा.

ब्राउझर काय पाठवतो

टिक केलेल्या प्रत्येक चौकटीसाठी ब्राउझर तेच नाव पुन्हा पाठवतो: पीक=द्राक्ष, पीक=कांदा. टिक नसलेल्या चौकटींबद्दल काहीच जात नाही. आलेल्या माहितीतून ‘गेट’ने मूल्य काढले, तर फक्त शेवटचे हाती लागते, सगळी हवी असल्यास ‘गेटलिस्ट’ लागते. फॉर्म वापरला की हे काम तो स्वतः करतो.

सर्व्हरवरील तपासणी

पान ब्राउझरमध्ये बदलून कोणी यादीबाहेरचा संकेत पाठवू शकतो. म्हणून जँगो आलेले प्रत्येक मूल्य यादीशी ताडून पाहते आणि त्यांतले एक जरी जुळले नाही, तरी फॉर्म नाकारते. पार झालेली मूल्ये यादीच्या स्वरूपात मिळतात, पण मजकूर म्हणून: संकेत ७ असला, तरी ‘७’ हे अक्षर हाती येते. अंक हवे असल्यास ‘टाइप्डमल्टिपलचॉइसफील्ड’ वापरून रूपांतर सांगावे लागते.

पडद्यावरील रूप

मूळ रूप म्हणजे एक लांबट पेटी. तिच्यात दुसरा पर्याय निवडताना संगणकावर कंट्रोल कळ दाबून धरावी लागते. ते ठाऊक नसलेल्याची पहिली निवड पुसली जाते. त्यापेक्षा ‘चेकबॉक्ससिलेक्टमल्टिपल’च्या चौकटी सरस. त्यांत एक खोच आहे. एचटीएमएलमधली ‘आवश्यक’ ही खूण प्रत्येक चौकटीवर लावली, तर ब्राउझर सगळ्याच चौकटी टिक करायला लावेल. म्हणून जँगो ती खूण येथे लावतच नाही आणि रिकामी निवड सर्व्हरवरच पकडली जाते.

बदलती यादी

१९९९ मध्ये नाशिक जिल्ह्यात देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे नवे तालुके झाले. यादी कोडमध्ये असेल, तर अशा बदलासाठी कोडला हात लावावा लागतो. ती डेटाबेसच्या तक्त्यात ठेवली, तर नवी नोंद पुरते. अशा तक्त्यातून अनेक निवडींसाठी ‘मॉडेलमल्टिपलचॉइसफील्ड’ आहे. शेतकरी आणि पीक यांचा अनेकास-अनेक संबंध त्याला नेमका जुळतो. मॉडेलवर आधारलेला फॉर्म ‘कमिट=फॉल्स’ देऊन साठवला, तर मूळ नोंद साठवल्यावर ‘सेव्ह-एम-टू-एम’ वेगळे चालवावे लागते. ते राहिले, तर शेतकऱ्याची नोंद होते, पिके मात्र कुठलीही चूक न दाखवता गळतात.

मर्यादा

‘जास्तीत जास्त तीन पिके’ असा नियम या फील्डमध्ये तयार मिळत नाही. फॉर्मच्या ‘क्लीन’ पद्धतीत तो लिहावा लागतो. दहा-वीस पर्यायांना चौकटी शोभतात. गावांची यादी शेकड्यांत जाते, तिथे शोधपेटी हवी. तालुका निवडताच त्याचीच गावे दिसावीत, यासाठी जावास्क्रिप्ट लागते, आणि निवडलेले गाव त्याच तालुक्यातले आहे का, हे सर्व्हरवर पुन्हा तपासावे लागते.