दबक्या पावलांची बोट

दमणगंगा सिल्वासाजवळून वाहत दमणला समुद्राला मिळते. 2020 पासून तो किनारा आणि सिल्वासा एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत, तरी समुद्राशी इथल्या बहुतेकांचा संबंध बाजारातल्या बोंबलापुरता. याच अरबी समुद्रात नोव्हेंबर 1966 मध्ये सोव्हिएत ताफ्यांनी ओमानपासून भारताच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत 238 हम्पबॅक देवमासे चोरून मारले. ते आकडे जगासमोर यायला 1990 चं दशक उजाडलं. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची वाढ मोजलेली होती. ती उत्तर गोलार्धातल्या ऋतुचक्राशी जुळली, म्हणजे हे देवमासे अंटार्क्टिकाहून आलेले पाहुणे नव्हते.

एवढं प्रचंड जनावर गाठणारी बोट मात्र आटोपशीर असे. नॉर्वेच्या स्वेन फॉइनने 1860 च्या दशकात वाफेवरची छोटी बोट आणि नाळेवरची हार्पून तोफ यांची सांगड घातली. हार्पूनचा दोर डोलकाठीवरच्या कप्पीतून खाली जाई आणि ती कप्पी बोटीच्या पोटातल्या स्प्रिंगांना बांधलेली असे. देवमाशाने हिसका दिला की गळाच्या काठीसारखी सगळी रचना लवे, दोर तुटत नसे.

खरी गंमत इंजिनात होती. डिझेल इंजिनात इंधनाचे स्फोट होत राहतात. तो खडखडाट लोखंडी तळातून पाण्यात उतरतो आणि पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. देवमासा सावध होणारच. वाफेच्या इंजिनात स्फोट नाही. वाफ उच्च, मध्यम आणि कमी दाबाच्या सिलिंडरांतून पायरीपायरीने प्रसरण पावते, आणि ते इंजिन क्षणात थांबवून उलटंही फिरवता येतं. म्हणून मालवाहू जहाजं डिझेलकडे वळली तरी देवमासे मारणाऱ्या बोटी वाफ सोडेनात. सोव्हिएतांनी पुढे डिझेल-विद्युत बोटी आणल्या.

वाफेवरच्या शिकारी बोटीचा आराखडा दुसऱ्या महायुद्धातही उपयोगी पडला. 'सदर्न प्राइड' या 1936 च्या शिकारी बोटीवरून ब्रिटिशांनी पाणबुड्यांशी लढणाऱ्या फ्लॉवर वर्गातल्या कॉर्व्हेट बांधल्या. त्यांतली एक युद्धानंतर आपल्या नौदलात आली. तिचं नाव 'महराट्टा'!

पुढे देवमासे घटले, कंपन्या बुडाल्या आणि नॉर्वेत कितीतरी बोटी 1950-60 च्या दशकांत हेरिंगच्या मासेमारीला लागल्या. तोफ उतरवणं सोपं. मोठं काम होतं बॉयलर काढण्याचं. बोटीचा मधला भाग बॉयलर आणि इंधनाच्या टाक्यांनी खाल्लेला. तिथे मासळी ठेवायची तर वाफ गेलीच पाहिजे. शिवाय वाफेचं इंजिन तेल जास्त पितं. हेरिंगचा थवा जाळ्यात घेरायला पूर्वीच्या दबक्या चालीची गरज नव्हती. जिच्यामुळे ती बोट तरबेज शिकारी ठरली, तीच वस्तू पहिल्यांदा भंगारात गेली. (वाफेवर मासेमारी झाली नाही असं नाही. मुंबई सरकारने 1921-22 मध्ये 'विल्यम कॅरिक' हा वाफेवरचा ट्रॉलर चालवून पाहिला. तो धंदा टिकला नाही.)

त्या पिढीच्या शिकारी बोटीचं चालू इंजिन पाहायचं असेल तर नॉर्वेत सांडेफ्योर्ड गाठावं लागेल. 1950 साली बांधलेली 'सदर्न ॲक्टर' तिथे मूळच्या वाफेच्या इंजिनावर अजून फिरते. ती मासेमारीला कधी गेलीच नाही. स्पेनच्या एका कंपनीने ती विकत घेतली आणि 1980 च्या दशकापर्यंत तिच्याकडून देवमासेच मारून घेतले.