सॅमन पकडायचाय? आधी त्याचं वेळापत्रक बघा!

दोस्तांनो, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून व्हँकुव्हर नावाचं एक लांबलचक बेट आहे. त्याच्या पूर्वेला कॅम्पबेल रिव्हर नावाचं गाव वसलंय. हे गाव स्वतःला ‘जगाची सॅमन राजधानी’ म्हणवून घेतं! समजा, तुम्ही पहिल्यांदाच तिथे सॅमन गरवायला निघालात. काय काय न्याल? गळ, दोरी, टोपी, खाऊचा डबा? सगळं न्या, पण त्याआधी सॅमनची नीट माहिती काढा. कारण कधी जायचं, कुठे उभं राहायचं, गळाला काय लावायचं, हे सगळं तो मासाच ठरवतो.

जायचं कधी?

सॅमन जन्मतो नदीत, तळाच्या खडीत घातलेल्या अंड्यातून. जरा मोठा झाला की समुद्रात जातो, तिथे खाऊनपिऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायची वेळ आली की परत फिरतो. कुठे? जिथे जन्मला, त्याच नदीत! या किनाऱ्यावर त्याच्या पाच जाती आहेत : चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. अंडी घालून झाली की या पाचही जातींचे मासे मरतात. म्हणजे हा परतीचा प्रवास आयुष्यात एकदाच.

प्रत्येक जातीचं वेळापत्रक मात्र वेगळं. पिंक सॅमनचं आयुष्य दोन वर्षांचं. त्यामुळे फ्रेझर नदीत त्यांच्या झुंडी एका वर्षाआड येतात, त्याही विषम वर्षी : २०२३, २०२५, २०२७... सम वर्षी तिथे त्यांची वाट बघत बसलात, तर हात हलवत परत यावं लागेल!

कॅम्पबेल नदीच्या मुखाशी थोराड चिनूक येतात ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. म्हणून तिथला १९२४ साली सुरू झालेला टायी क्लब आपला हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर असा ठेवतो. क्लबचं सभासद व्हायचं तर इंजिन नसलेल्या, वल्ह्यांच्या होडीतून निदान ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंचा चिनूक पकडावा लागतो.

त्याला घर सापडतं कसं?

वासावरून! जिन्यातच तुम्हाला कळतं ना, आज घरी भजी तळताहेत म्हणून? तसंच. अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर आणि त्यांचे सहकारी वॉरन विस्बी यांनी १९५०च्या दशकात एक झकास प्रयोग केला. सिएटलजवळ इसाक्वा नावाचा ओढा आहे. त्याला एक फाटा फुटतो. दोन्ही फाट्यांतून परतीचे कोहो पकडून त्यांनी ते संगमाच्या खाली नेऊन सोडले. त्याआधी निम्म्या माशांच्या नाकपुड्यांत बोळे घातले. नाक मोकळं असलेले बहुतेक मासे बिनचूक आपापल्या फाट्यात शिरले. बोळेवाले मात्र गोंधळले, वाट्टेल त्या फाट्यात गेले!

उभं कुठे राहायचं?

नदीत शिरलं की सॅमन खाणंच थांबवतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर पुढचा सगळा प्रवास करतो. म्हणून आमिष दाखवायचं ते समुद्रात, तो भुकेला असतानाच. होडीची भीती वाटत असेल तर गावातला डिस्कव्हरी पिअर हा मासे धरण्यासाठीच बांधलेला धक्का आहे. कठड्याशी उभं राहायचं आणि गळ टाकायचा!

समोरची सामुद्रधुनी अरुंद आहे. जवळच्या सेमूर नॅरोज नावाच्या चिंचोळ्या भागात भरती-ओहोटीचं पाणी ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतं. एवढ्या ओढीत हेरिंगसारखे छोटे मासे टिकणार कसे? ते खडकांच्या आडोशाला, संथ पाण्यात गोळा होतात. त्यांच्या मागावर येतो सॅमन! म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. भरती बदलण्याची वेळ आणि पहाटेचा सुमार जुळून आला, तर उत्तमच. कोकणातल्या दोस्तांना हे वेगळं सांगायला नको.

गळाला हेरिंग लावतात, नाहीतर चमच्यासारखा चकचकीत पत्रा. पत्रा पाण्यात हेलकावे खातो, लखलखतो, आणि सॅमनला वाटतं, जखमी हेरिंगच चाललाय!

लागला! आता?

घाई नको. आधी तोंड उघडून हिरड्या बघा. काळ्या असतील तर चिनूक, पांढुरक्या असतील तर कोहो. शेपटीही बघा. चिनूकच्या पूर्ण शेपटीवर ठिपके असतात, कोहोच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर. मग पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे, एक इवलासा मांसल पर आहे का ते पाहा. संवर्धन केंद्रात वाढवलेल्या पुष्कळ पिल्लांचा हा पर सोडण्याआधी कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा बहुधा रानचा, आणि बऱ्याच ठिकाणी तो परत सोडावाच लागतो. म्हणूनच इथे सॅमनसाठी आकडीला उलटा काटा नसलेलाच गळ वापरायचा असा नियम आहे, म्हणजे तो पटकन निघतो आणि मासा वाचतो.

हे नियम मनापासून पाळायचे. काही नद्यांमधले चिनूक खूप कमी झालेत, आणि त्या भागातले काही ऑर्का देवमासे मुख्यतः चिनूकवरच जगतात. परवाना काढा, नियम त्याच दिवशी पुन्हा वाचा, कारण ते हंगामाच्या मध्येही बदलतात. आणि लाइफ जॅकेट घाला. तिथलं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं!

घरी करून पाहा

सॅमनचं वय शास्त्रज्ञ खवल्यावरून सांगतात. भरपूर खाणं मिळालं की खवल्यावरची वर्तुळं दूर दूर पडतात, हिवाळ्यात ती दाटीवाटीने पडतात. असे दाट पट्टे मोजले की कळतं, त्याने किती हिवाळे काढले. तुमच्या घरी रोहू किंवा कटला आला, तर एक खवला स्वच्छ धुऊन, उजेडासमोर धरून भिंगातून पाहा. वर्तुळं दिसतील. ती कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत, याचं चित्र काढा आणि आम्हाला पाठवा!