जुन्या मोटारींचा अखेरचा आखाडा

बंगळूरच्या चिकपेटमध्ये रेशमी साड्यांच्या दुकानांमधून वाट काढताना माणसालाही अंग चोरून चालावे लागते. तिथून जवळच जे. सी. रोड आहे. मोटारीच्या सुट्या भागांसाठी शहरातले लोक तिथेच धाव घेतात. अशा बाजारांच्या आधाराने आपल्याकडची म्हातारी गाडी आणखी काही वर्षे रस्त्यावर राहते आणि शेवटी मुकाट्याने भंगारात जाते. इंग्लंडमध्ये मात्र काही गाड्यांच्या नशिबी त्याआधी एक धमाल दिवस येतो. तो दिवस ‘बँगर’ शर्यतीचा!

बँगर म्हणजे तिथल्या बोलीत खटारा. सुमारे चारशे मीटरची अंडाकृती धावपट्टी, भोवती भक्कम कठडा आणि आत एकमेकांना बेधडक टकरा देणारे खटारे, असा हा खेळ. ब्रिटनमधली पहिली स्टॉक कार शर्यत १६ एप्रिल १९५४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, लंडनच्या न्यू क्रॉस मैदानावर झाली. स्टॉक कार म्हणजे खरे तर कारखान्यातून आली तशी साधी गाडी. पुढे तिच्या जागी शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या दणकट गाड्या आल्या. खिसा हलका असलेल्यांनी मग बँगरची वाट धरली.

तयारी घरच्या अंगणात

शर्यतीआधी गाडीच्या सगळ्या काचा काढतात. गाद्या, अस्तर, दिवे निघतात. उरते ती एकट्या चालकाची बैठक. पेट्रोलची मूळ टाकी काढून आत सुरक्षित जागी छोटी टाकी बसवतात. चालकाच्या बाजूच्या दाराला जाड पत्रा ठोकतात. या कामाला सारे घर जुंपलेले असते. नवरा इंजिनात डोके घालून बसलेला, बायको दारावर क्रमांक रंगवते आहे आणि मुले पाने-पक्कड हातात देत आहेत, हे तिथले नेहमीचे चित्र.

मैदानावर पोहोचल्यावर आधी पंच गाडी तपासतात. मग एकामागून एक फेऱ्या सुरू होतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चाकात घुसलेला पत्रा साखळीने ओढायचा, हातोड्याने ठोकायचा आणि पुन्हा मैदानात उतरायचे! दिवसाचा शेवट बहुधा ‘डिमॉलिशन डर्बी’ने होतो. तिथे वेगाला किंमत नाही. सर्वांत शेवटी जी गाडी हलत राहील, ती जिंकली.

धडकेलाही शिस्त

पाहणाऱ्याला हा सारा बेबंद गोंधळ वाटेल, पण नियम कडक असतात. चालकाच्या दारावर मुद्दाम धडक मारणारा बाद होतो. गाडी बंद पडली तरी शर्यत थांबेपर्यंत पट्टा आणि शिरस्त्राण काढायचे नाही, गाडीबाहेर यायचे नाही. लाल निशाण दिसताच सर्वांनी थांबायचे.

स्टॉक कारमधली आणखी एक रीत मोठी गमतीची आहे. चालकाची पायरी गाडीच्या छपराच्या रंगावरून कळते. नवख्याचे छप्पर पांढरे, मग पिवळे, निळे आणि कसलेल्याचे लाल. विश्वविजेत्याचे छप्पर सोनेरी! सुरुवातीला नवखे पुढे आणि कसलेले मागे उभे राहतात. नाव कमावलेल्याला गर्दीतून वाट काढतच पुढे यावे लागते. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘मिनिस्टॉक्स’ शर्यती असतात. 

या खेळावर टीकाही होते. जुन्या, दुर्मीळ गाड्यांचा असा चुराडा पाहून त्यांच्या शौकिनांचा जीव हळहळतो. दुसरीकडे मैदानेही कमी होत चालली आहेत. लंडनच्या विम्बल्डन मैदानावर २६ मार्च २०१७ रोजी शेवटची शर्यत झाली. आता तिथे फुटबॉलचे मैदान आणि घरे उभी आहेत.

आपल्याकडे काय?

वेगाची ओढ आपल्या मुलांनाही आहे. बंगळूरच्या रस्त्यांवर पुढचे चाक उचलून मोटारसायकल पळवणाऱ्या तरुणांवर पोलिसांना वारंवार गुन्हे नोंदवावे लागतात. त्यात स्वतःच्या जिवाबरोबर रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसाचा जीवही पणाला लागतो. या ओढीला नुसत्या दटावणीने आवर बसत नाही. तिला जागा द्यावी लागते. मद्रासच्या हौशी मंडळींनी हे ओळखले होते. त्यांनी शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरवल्या. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला खास मार्ग तयार झाला आणि २००३ मध्ये कोइमतूरजवळ ‘कारी मोटर स्पीडवे’ उभा राहिला.

महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींचा अनुभवही बोलका आहे. २०१४ मध्ये त्यांवर बंदी आली, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटींसह परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासाठीचा कायदा वैध ठरवला. शौक टिकवायचा तर नियम पाळावे लागतात, हाच त्याचा अर्थ.

घरातला तरुण गाडीच्या किल्लीकडे ओढला जात असेल, तर किल्ली लपवून किती दिवस भागणार? त्याला शिरस्त्राण, पट्टा आणि मोकळे मैदान या तीन गोष्टी मिळाल्या, तर त्याची हौसही फिटेल आणि घरच्यांच्या जिवाचा घोरही कमी होईल.