पुस्तक आमचं, प्रती तीस

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. चौथीच्या वर्गात मी मुलांना विचारलं, "सुट्टीत काय केलं?" कोणी मामाच्या गावाला गेलेलं, कोणी शेतात कापूस वेचायला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माह्या आजीनं मले चाळीस कोडी सांगितली. मी वहीत लिवून ठेवली." वही पाहिली, तर खरंच चाळीस! मी सहज बोलून गेले, "अगं, याचं तर पुस्तक होईल." मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "आपल्यासारख्याईचं पुस्तक कोन छापते?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पुस्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे मोठे प्रकाशक येतात. बडनेऱ्याच्या एका वर्गाचं पुस्तक ते कशाला छापतील? पण मग मला वाटलं, आपणच का छापू नये?

आता तुम्ही म्हणाल, छापखान्यात तर एकदम हजार प्रती काढाव्या लागतात. पूर्वी ते बरंचसं खरं होतं, आणि त्यामागे कारण होतं. जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे असत. खिळे म्हणजे एकेका अक्षराचे उलटे ठसे. जुळारी ते खणांच्या पेटीतून एकेक उचलून ओळ जुळवायचा, ओळींचं पान बांधायचा. मग प्रूफ काढायचं, चुका सुधारायच्या, पुन्हा प्रूफ. ही सगळी मेहनत दहा प्रतींसाठी जेवढी, तेवढीच हजारांसाठी! मग दहाच कोण काढणार? पुढे ऑफसेट आलं. त्यात खिळ्यांच्या जागी धातूची प्लेट आली, पण हिशोब तोच राहिला. आज मात्र संगणकावरून थेट कागदावर छापणारी यंत्रं आहेत. त्यांना प्लेट लागत नाही, म्हणून वीस-तीस प्रतीही निघतात. एक प्रत थोडी महाग पडते खरी, पण एकूण खर्च आवाक्यात राहतो.

आणि यंत्रच नसलं तर? तरी अडत नाही. साने गुरुजी तुम्हांला 'श्यामची आई'मुळे माहीत आहेत. ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं एक दैनिक लिहून काढत. हो, दैनिक! अंक हातानं लिहिलेला आणि वाचक छात्रालयातली पोरं. त्यातूनच पुढे १९२८ मध्ये त्यांचं 'विद्यार्थी' हे छापील मासिक सुरू झालं. रोज पंचवीस वह्या तपासणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून थोडी लाजच वाटली.

तर आम्ही कामाला लागलो. वर्गात मुलं चोवीस. प्रत्येकानं घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक काहीतरी लिहून आणायचं, असं ठरलं. कोडी आली, म्हणी आल्या, उन्हाळ्यातल्या कुरड्यांची आणि रोडग्यांची कृती आली. एका आजोबांनी मूर्तिजापूर ते अचलपूर धावणाऱ्या अरुंद रुळांच्या शकुंतला गाडीची हकिकत सांगितली. ती गाडी आता बंद आहे. त्यांच्या नातवानं ती पानभर लिहून आणली आणि खाली इंजिनाचं चित्र काढलं. डबे मात्र काढायचे राहिले!

संगणकावर अक्षरं जुळवणारे भाऊ फार मदतीचे. त्यांनी मजकुरात जिथे 'पानी' होतं तिथे 'पाणी' केलं, 'पोट्टे'चं 'मुले' केलं, 'माहा'चं 'माझा' केलं. शुद्धलेखनाच्या दृष्टीनं सगळं ठीक. पण कोडीवाल्या मुलीनं प्रूफ वाचलं आणि तोंड पाडून म्हणाली, "मॅडम, हे माही आजी नाही बोलली."

दोन दिवस मी विचारात होते. एक पालक शाळेत येऊन म्हणाले, "बाई, शाळेच्या पुस्तकात असं अशुद्ध छापाल तर पोरं तेच शिकतील." त्यांची काळजी मला कळत होती. परीक्षेत 'पानी' लिहिलं तर मीच लाल रेघ मारते ना! पण आपल्या उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीतली माणसं वऱ्हाडीतच बोलतात, आणि १९६० साली आलेली ती कादंबरी मराठीतल्या चांगल्या कादंबऱ्यांमध्ये मोजली जाते, हे मी त्यांना सांगितलं. शेवटी ठरलं असं : प्रस्तावना आणि माहिती प्रमाण मराठीत, आजी-आजोबांचं बोलणं त्यांच्याच बोलीत. ते पालक पूर्ण पटून गेले असं नाही, पण आपल्या आईची म्हण त्यांनी दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर पाठवली. वऱ्हाडीत!

पुढची चूक सर्वस्वी माझी. ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. आमची पानं झाली बत्तीस. एक मोठा कागद मध्ये दुमडला की पुस्तकाची चार पानं होतात, म्हणून एका पुस्तकाला आठ कागद. मी पानं सरळ क्रमानं दिली : १ शेजारी २, पाठीमागे ३ आणि ४. नमुना न पाहता म्हटलं, काढा तीस प्रती. घरी आणून कागद दुमडले, तर काय! पहिलं पान मलपृष्ठावर आणि पुस्तक सुरू होतंय दुसऱ्या पानापासून. पुढे २, ३, ६, ७ अशा उड्या. कुरड्यांचा चीक शिजायला ठेवला आणि पान उलटलं तर शकुंतला सुटलेली! दोनशे चाळीस कागद वाया गेले.

तुम्ही आधी हे करून पाहा. दोन कोरे कागद एकात एक घालून दुमडा. झालेल्या आठ पानांवर पुस्तकासारखे १ ते ८ आकडे टाका. आता कागद उघडा. १ च्या शेजारी कोण आलं? ८! २ च्या शेजारी ७, ३ च्या शेजारी ६, ४ च्या शेजारी ५. कुठलीही जोडी घ्या, बेरीज ९. बत्तीस पानांच्या पुस्तकात ही बेरीज ३३ येते. सोळा पानांच्या पुस्तकात किती येईल, ते तुम्हीच काढा. पानांची संख्या मात्र चारच्या पाढ्यात बसली पाहिजे. आणि काहीही झालं तरी आधी एकच प्रत काढायची, ती सगळ्यांनी वाचायची, मगच बाकीच्या.

आईबाबांसाठी दोन शब्द. घरगुती वाटपाच्या पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक लागत नाही. दुकानात विकायचं असेल तर तो घ्यावा. आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो विनामूल्य देते. दुसऱ्याची कविता किंवा चित्र परवानगीशिवाय घालू नका. आणि ज्यांनी सांगितलं त्यांना विचारून त्यांचं नाव छापा. आमच्या एका आजीनं नाव नको म्हटलं, तर तिथे 'एक आजी' एवढंच आहे.

दुसऱ्या वेळी पुस्तक नीट झालं. दोन पिना मारल्या, वर जाड कागदाचं मुखपृष्ठ लावलं. गठ्ठा वर्गात आणला तेव्हा तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "तीसच? एवढुशानं काय होते?"

मग मी त्यांना ताराबाई शिंद्यांची गोष्ट सांगितली. आपल्याच वऱ्हाडातली ही बाई, बुलढाण्याची. जन्म १८५० चा. तेव्हा तिथे मुलींना शाळा कुठली? वडील बापूजी हरी शिंदे यांनी तिला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला झाला आणि त्यावरून काही लोक वर्तमानपत्रांतून साऱ्याच बायकांना नावं ठेवू लागले. ताराबाई संतापल्या. दोष काय फक्त बायकांतच असतात? पुरुषांत नसतात? असं विचारणारं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक त्यांनी लिहिलं. १८८२ मध्ये ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. किंमत नऊ आणे, आणि प्रती फक्त पाचशे.

लोक भयंकर चिडले. महात्मा फुल्यांनी मात्र आपल्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. तरी ताराबाईंनी पुन्हा पुस्तक छापलं नाही आणि ते एक पुस्तकही लोक विसरून गेले. पण प्रत राहिली होती! संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये, म्हणजे तब्बल त्र्याण्णव वर्षांनी, ते पुन्हा छापून आणलं. आज बाईच्या बाजूनं लिहिलेल्या भारतातल्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याचं नाव घेतात.

दूर इंग्लंडमध्येही असंच एक पुस्तक झालं. बिआट्रिक्स पॉटर या बाईंनी १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पत्र लिहिलं. त्यात पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट होती, चित्रांसकट. पुढे त्याचं पुस्तक करायला प्रकाशक तयार होईनात. तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये पॉटरबाईंनी स्वतःच्या पैशानं अडीचशे प्रती काढल्या. लहान हातांत मावेल एवढं छोटं पुस्तक. प्रती बघता बघता संपल्या, आणखी छापाव्या लागल्या, आणि १९०२ मध्ये एका प्रकाशकानं ते मोठ्या प्रमाणावर काढलं. तो ससा आजही जगभरच्या मुलांच्या हातांत आहे.

मुलं गप्प ऐकत होती. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे एक तरी सांभाळून ठेवा लागते."

आम्ही प्रतींचा हिशोब फळ्यावर मांडला. चोवीस मुलांना चोवीस. एक शाळेच्या कपाटात. एक अक्षरं जुळवणाऱ्या भाऊंना. तीन आज्यांनी आणखी एकेक मागून घेतली. त्यातली एक दर्यापूरला बहिणीकडे गेली. उरलेली एक घेऊन आम्ही सगळेच वाचनालयात गेलो. शेवटच्या पानावर आम्ही गाव, वर्ष आणि 'प्रती तीस' असं छापलं होतं, ते ग्रंथपालांनी चष्मा वर करून वाचलं. मग नोंदवही उघडली, पुस्तकाचं नाव लिहिलं आणि पेन थांबवून विचारलं, "लेखकाच्या रकान्यात काय लिहू?"

चोवीस जण एकदम आपापल्या आजीचं नाव सांगायला लागले.