चिपच्या नावावर जाऊ नका

लॅपटॉपवर नवा गेम चालेल का, हे पाहताना बरेच जण प्रोसेसर आणि रॅमपाशीच थांबतात. खरा निकाल बहुतेकदा ग्राफिक्स चिप लावते, आणि तिचंही नुसतं नाव पुरेसं नसतं. एनव्हिडियाची लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ४०६० चिप ३५ ते ११५ वॉट अशा वेगवेगळ्या वीजमर्यादांवर चालवली जाते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन चिपांच्या वेगात मोठा फरक पडतो. गेमच्या किमान अटींमध्ये मात्र बहुधा डेस्कटॉप कार्डांची नावं असतात. म्हणून विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडावा. चिपचं नाव आणि तिची स्वतंत्र मेमरी तिथे दिसते. वॉटचा आकडा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शोधावा.

सेटिंग कमी केली की कुठलाही गेम चालतो, असं यावर म्हटलं जातं. जुन्या गेमबाबत ते बव्हंशी खरंही होतं. पण २०२४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंगची सोय असलेलीच चिप लागते, ती नसेल तर सेटिंग कितीही उतरवून उपयोग नाही. विकत घेऊन पाहू, हा पर्याय स्टीमवर आहे खरा, कारण १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असल्यास पैसे परत मागता येतात. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप मात्र सहसा मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर बदलता येत नाही. तेव्हा ही तपासणी लॅपटॉप घेण्याआधीच करावी.